मॉडस्लेचा पांगुळगाडा

गेल्या दिवाळीनंतर माझ्या साडूंनी जाहीर केलं, की ते घरात लेथ घेणार आहेत. लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. सांगलीला विश्रामबागेत त्यांचं जुनं बैठं घर आहे. मागच्या पडवीत एके काळी म्हैस बांधलेली असे. आता त्या जागी लेथ येणार होता. घरातल्या बायकांचं म्हणणं, म्हैस निदान दूध तरी द्यायची.

साडू पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वडील मात्र परळच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नर होते. आपल्या मुलानं तेलकट कपडे घालायचे नाहीत, अशी त्यांची सक्त ताकीद होती आणि मुलानं ती नोकरीभर पाळली. वडील जाऊन तीसेक वर्षं झाली. आता साडूंना जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचे मोडके भाग स्वतः करायचे आहेत, एक लहानसं वाफेचं इंजिन करायचं आहे, आणि खरं विचाराल तर वडील दिवसाचे आठ तास काय करत होते ते एकदा हातानं पाहायचं आहे. यातलं शेवटचं ते बोलले नाहीत. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हा अंदाज.

लेथ निवडायला मला सोबत बोलावलं, कारण बँकेत असताना मी लेथसाठी पुष्कळ कर्जं दिली होती. मी गेलो, पण जाताना पोटात गोळा होता. त्याचं कारण १९८६ सालचं आहे. तेव्हा मी कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगराजवळच्या एका शाखेत होतो. आयटीआय झालेला एक मुलगा सहा फुटी जुन्या लेथसाठी कर्ज मागायला आला. मी कोटेशन पाहिलं, विमा पाहिला, जामीनदार पाहिले, गाळ्याचा भाडेकरार पाहिला. लेथ पाहायलाही गेलो. ताजा हिरवा रंग दिलेला, चक गरगर फिरला, मी मान डोलावली आणि कर्ज मंजूर केलं. मुलाला पंपाच्या एका कारखान्याचं पिना कातायचं काम मिळालं होतं. त्याच्या पिना एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरू लागल्या. लॉटमागून लॉट परत आले. त्याला वाटलं आपला हात कच्चा आहे, म्हणून तो रात्री जागून सराव करायचा. दीड वर्षात हप्ते थकले. जप्तीच्या नोटिशीवर सही माझीच होती.

लिलावाला आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं लेथच्या बेडवर, चकच्या अगदी जवळ, हात फिरवला. मग मला बोलावून माझं बोट तिथे टेकवलं आणि पुढे ओढायला लावलं. नख अडखळलं. बेड तिथे वर्षानुवर्षांच्या घासानं खाली गेला होता आणि वरून रंग मारून विकला होता. त्या लेथवर परळचा पंचवीस वर्षं मुरलेला टर्नर बसवला असता तरी सरळ पीन उतरली नसती. मुलाचा हात चांगला होता. वाईट होती ती रेष, आणि ती तपासायचं काम माझं होतं.

त्यानंतर लेथ म्हणजे नेमकं काय विकत घेतात, हे समजून घ्यायचा नाद मला लागला. पुस्तकं मिळवली, मिस्त्रींना छळलं. त्या नादात हेन्री मॉडस्ले भेटला. आज घराच्या पडवीत बसणाऱ्या लहानशा लेथपासून कारखान्यातल्या अजस्र लेथपर्यंत सगळ्यांच्या अंगात या माणसाचं रक्त आहे. साडूंबरोबर बाजारात फिरताना तोच माझ्या डोक्यात होता.

हेन्रीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनला लागून असलेल्या वुलिचचा. वडील सैन्यात चाकं आणि लाकूडकाम करणारे कारागीर. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात भांडारावर काम मिळालं होतं. हेन्री नऊ वर्षांचा असताना ते गेले. बाराव्या वर्षी पोरगा शस्त्रागारात कामाला लागला. काम काय, तर काडतुसांत दारू भरायची. दोन वर्षांनी त्याला सुतारशाळेत घातलं. पण तिथे त्याचं मन लागेना. रंधा टाकून तो शेजारच्या लोहारशाळेत जाऊन उभा राहायचा. पंधराव्या वर्षी अखेर त्याला लोहारशाळेत घेतलं. लाकडाच्या भुशातून तो राखेत आला आणि सुखी झाला.

तिथे तीन वर्षांत त्याच्या हाताचं नाव झालं. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक हुशार कारागीर अडचणीत होता. त्यानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं होतं. कुलूप असं, की चोराला उघडता येऊ नये. पण त्याचे आतले भाग इतके बारीक आणि नेमके, की ते बनवणारा माणूसही मिळेना. कुणीतरी वुलिचच्या पोराचं नाव सुचवलं. मॉडस्ले समोर आला तेव्हा त्याचं वय अठरा. ब्रामा बिचकला. त्या काळी सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय चांगल्या कारखान्यात पूर्ण कारागीर म्हणून उभं राहू देत नसत. या पोराची उमेदवारी झालेलीच नव्हती. सांगतात, की तिथे एक जुना, झिजून गेलेला शेगडा पडला होता. शेगडा म्हणजे वस्तू घट्ट धरायचा टेबलावरचा वाइस. तो संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्त करता आला तर घ्यावं, असं ठरलं. पोरानं त्याचे जबडे नवे केले, पोलाद बसवलं, दाते पाडले, पाणी दिलं, घासून पुसून समोर ठेवला. सहा अजून वाजायचे होते.

त्या दुकानातलं एक कुलूप ब्रामानं पिकॅडिलीतल्या आपल्या खिडकीत मांडलं आणि ते उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी जाहीर केल्या. ते कुलूप मॉडस्लेच्या हातचं. ते साठ वर्षं कुणालाही उघडलं नाही. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं उघडलं, तेही सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खपून. तोवर ब्रामाही नव्हता आणि मॉडस्लेही नव्हता.

पण कुलूप बनवण्यापेक्षा मोठी गोष्ट त्यानं तिथे केली. एक उत्तम कुलूप हातानं बनवता येतं. शंभर कुलपं एकसारखी हातानं बनवता येत नाहीत, कारण कारागिराचा हात सोमवारी एक असतो आणि शनिवारी दुसरा. मॉडस्लेनं कुलपाचे भाग करणारी यंत्रं बनवायला घेतली. हातातलं हत्यार काढून यंत्राच्या हाती द्यायचं, ही कल्पना त्याच्या डोक्यात इथे रुजली.

याच दुकानात त्याला बायको मिळाली. सेरा टिंडेल ही ब्रामाच्या घरी कामाला होती. १७९१ साली त्यांचं लग्न झालं. पुढे चार मुलगे झाले. मॉडस्ले एव्हाना सगळ्या कारखान्याचा मुख्य कारागीर झाला होता. पगार आठवड्याला तीस शिलिंग. १७९७ साली त्यानं वाढ मागितली. संसार वाढला होता, मागणं रास्त होतं. ब्रामानं ती मागणी अशा तोडून टाकणाऱ्या शब्दांत नाकारली, की मॉडस्ले बाहेर पडला. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, वेतनवाढीचे करार पाहिले, संप पाहिले. काही शिलिंगांसाठी एवढा मोठा तोटा करून घेतलेला दुसरा मालक माझ्या माहितीत नाही.

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटला त्यानं लहानसं दुकान घेतलं. पहिलं गिऱ्हाईक एक चित्रकार होता. त्याला मोठ्या घोडीसाठी, म्हणजे चित्र ठेवायच्या तिवईसाठी, लोखंडी काम करून हवं होतं. आणि याच काळात, १७९७ ते १८०० च्या दरम्यान, त्यानं तो लेथ उभा केला.

इथे थोडं थांबून लेथ समजून घ्यायला हवा. कुंभाराचं चाक आडवं केलं की लेथ झाला. वस्तू फिरते, हत्यार तिला टेकतं आणि गोल आकार उतरतो. आपल्याकडचा कातारी लाकडाच्या लाटण्या-बाहुल्या असाच कातत आला. हत्यार त्याच्या हातात असतं, समोरच्या टेकूवर दाबून धरलेलं. लाकडाला ते चालतं. लोखंडाला चालत नाही. लोखंड हत्याराला ढकलतं, हत्यार हाताला ढकलतं आणि मनगट कितीही मजबूत असलं तरी दमतं. दोन फूट लांबीचा लोखंडी दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच जाडीचा हातानं कातायचा, म्हणजे केवळ देवाची कृपा लागे.

मॉडस्लेनं हत्यार माणसाच्या हातातून काढलं आणि एका लोखंडी घसरत्या पकडीत घट्ट आवळलं. ही पकड दोन सरळ, तीन कडांच्या दांड्यांवरून पुढेमागे सरके. माणसानं फक्त एक हॅण्डल फिरवायचं. इतर कारखान्यांतले कारागीर हे पाहून हसले. चालता न येणाऱ्या पोराला जसा पांगुळगाडा देतात तसा हा मॉडस्लेचा पांगुळगाडा, असं त्यांनी नाव ठेवलं. ज्याला हात चालवता येत नाही त्यानं वापरावा! त्यांची भीतीही समजण्यासारखी आहे. सात वर्षं झिजून कमावलेली मनगटाची विद्या एका लोखंडी ठोकळ्यानं खुजी करून टाकली होती.

इथे न्यायाची गोष्ट सांगायला हवी. घसरती पकड काही मॉडस्लेनंच पहिल्यांदा शोधली नाही. रशियाच्या पीटर बादशहाच्या पदरी नार्तोव्ह होता, फ्रान्समध्ये व्होकान्सन होता, इंग्लंडातच रॅम्सडेन होता. त्यांनी तिची कमीअधिक रूपं केली होती. इंग्रजी पुस्तकांनी बरीच वर्षं सगळं श्रेय आपल्या माणसाला दिलं. मॉडस्लेनं केलं ते हे, की पकड, सरळ लोखंडी बेड आणि आट्यांचा लांब स्क्रू हे तिन्ही त्यानं एका जिवाचे केले. ते इतक्या अचूकपणे केलं, की यंत्र बादशहाच्या दालनातून उठून कारखान्यात कामाला आलं.

आटे ही त्याची खरी ओढ. त्या काळी प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट ही एकमेकांशीच लग्न लागलेली जोडी असे. यंत्र खोलताना दोघांवर खुणा कराव्या लागत. जोडी चुकली की नट बसेना. कारण आटे हातानं पाडलेले, आणि प्रत्येक कारागिराचे आटे वेगळे. मॉडस्लेच्या लेथमध्ये बेडच्या लगत एक लांब स्क्रू होता, ज्याला आज लीड स्क्रू म्हणतात. वस्तू जितकी फिरेल तितका हा स्क्रू फिरे आणि हत्याराला नेमक्या गतीनं पुढे ओढी. मग वस्तूवर उतरतात ते आटे प्रत्येक वेळी तसेच. सुरुवातीला वेगळे आटे हवे असले की स्क्रूच बदलावा लागे. १८०० च्या सुमारास त्यानं मध्ये बदलता येणारी दातेरी चाकं घातली. चाकं बदला, आटे बदलले. आज लेथबरोबर चेंज गियरचा जो संच मिळतो, तो हाच.

पण मग पहिला स्क्रू कुठून आला? अचूक स्क्रूशिवाय अचूक स्क्रू होत नाही, हे अंडं आणि कोंबडीचं कोडं आहे. मॉडस्लेनं ते सोडवलं ते मला फार आवडतं. मऊ लाकडाचा किंवा मऊ धातूचा गोल दांडा घेतला. त्याला टेकेल असं चंद्रकोरीच्या आकाराचं पातं, नेमक्या कोनात तिरकं धरून बसवलं. दांडा फिरला की पातं त्यात रुतत, आपल्या तिरकेपणामुळे आपोआप पुढे सरके आणि मागे एक नागमोडी रेघ ठेवून जाई. त्या रेघेवरून पोलादाचा स्क्रू. मग त्याची तपासणी, चूक कुठे आहे त्याचा शोध, त्यावरून आणखी चांगला स्क्रू. पुढे त्यानं पाच फूट लांब, दोन इंच जाड, इंचाला पन्नास आटे असलेला एक स्क्रू केला. त्याचा नट एक फूट लांब होता आणि त्यात सहाशे आटे. दुर्बिणींच्या आणि खगोलाच्या उपकरणांच्या पट्ट्यांवर खुणा करायला तो वापरत.

दुकानाच्या खिडकीत त्यानं एक स्क्रू मांडून ठेवला होता. रस्त्यानं जाणाऱ्या एका फ्रेंच निर्वासिताला तो दिसला. त्यानं आपल्या मित्राला सांगितलं. मित्र होता मार्क ब्रुनेल, तोही फ्रान्समधून पळून आलेला. ब्रुनेल काही नकाशे घेऊन आला, पण यंत्र कशासाठी ते सांगेना. कल्पना चोरीला जाईल ही धास्ती. दोनतीनदा असे नकाशे आल्यावर मॉडस्लेनं ओळखलं, की हा गृहस्थ जहाजांच्या कप्प्या करायची यंत्रं मागतोय. ब्रुनेलनं मग सगळं सांगून टाकलं.

त्या काळच्या शिडाच्या लढाऊ जहाजाला हजाराच्या आसपास कप्प्या लागत आणि आरमाराची वर्षाची गरज लाखभर. नेपोलियनशी युद्ध चालू होतं. १८०२ ते १८०८ या काळात मॉडस्लेनं पोर्ट्स्मथच्या गोदीसाठी चाळीसहून अधिक यंत्रं बनवून दिली. एक यंत्र भोक पाडी, दुसरं खाच काढी, तिसरं आकार देई. जिथे एकशेदहा कसबी कारागीर लागत तिथे दहा साधी माणसं पुरू लागली. १८०८ साली एका वर्षात एक लाख तीस हजार कप्प्या निघाल्या. यंत्रानं यंत्राचे भाग आणि यंत्राच्या भागांनी मोठं उत्पादन, ही आजच्या कारखान्यांची रीत तिथे पहिल्यांदा एवढ्या प्रमाणावर दिसली. उरलेल्या शंभर कारागिरांचं पुढे काय झालं, ते पुस्तकांत फारसं येत नाही. बँकेत संगणक आला तेव्हाची माझ्या शाखेतली तोंडं मला आठवतात, म्हणून हा प्रश्न मनात येतो.

१८१० साली तो टेम्सच्या दक्षिणेला लँबेथला मोठ्या जागेत गेला. जागा जुन्या घोडेस्वारी शाळेची. पुढे भागीदार आणि मुलगे येऊन ‘मॉडस्ले, सन्स अँड फील्ड’ ही पेढी झाली आणि जहाजांची वाफेची इंजिनं करू लागली. त्यांचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८२९ साली मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली. तिच्यातली दोन इंजिनं मॉडस्लेच्या कारखान्याची. १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून निघून सुएझला गेली आणि विलायतेच्या टपालाचा नवा रस्ता उघडला.

त्याच्या कारखान्यात कामाच्या टेबलांवर सपाट पत्रे ठेवलेले असत. पत्रा म्हणजे जाड, दगडासारखी भक्कम लोखंडी पाटी. कारागिरानं आपली वस्तू तिच्यावर रंग लावून घासून पाहायची. जिथे रंग लागला तिथे उंचवटा, तो खरवडायचा. ही पाटी स्वतः सपाट कशी करायची? दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या बिनचूक जुळतील. म्हणून तिसरी घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर त्या सपाटच असाव्या लागतात, दुसरा मार्गच नाही. या रीतीचा पुढे गाजावाजा केला तो जोसेफ व्हिटवर्थनं, पण तो मॉडस्लेच्याच टेबलावर शिकून गेलेला. आपल्याकडे मेट्रिक येईपर्यंत नट-बोल्टच्या दुकानांवर ज्याच्या आट्यांचं राज्य होतं, तो हाच व्हिटवर्थ.

मॉडस्लेच्या टेबलावर एक मापयंत्र असे. इंचाचा दहाहजारावा भाग त्यावर मोजता येई. कारागिरांनी त्याचं नाव लॉर्ड चॅन्सेलर ठेवलं होतं, म्हणजे देशाचा सर्वोच्च न्यायाधीश. मापावरून वाद झाला की वस्तू तिथे न्यायची. त्याच्यावर अपील नाही.

माणूस सहा फुटांहून उंच, आडवा, हसरा. शिकाऊ पोरं घ्यायचा, पण मोठ्या घरची फी भरून आलेली मुलं निष्काळजी निघाल्यानं पुढे त्यानं ते बंद केलं. १८२९ साली एडिंबरोहून एक चित्रकार आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मॉडस्लेनं कारखाना दाखवला, पण शिकाऊ घेत नाही म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला, मग राख काढायचं काम तरी द्या. मुलाचं नाव जेम्स नॅस्मिथ. यानं वडिलांच्या घरी आपल्या झोपायच्या खोलीतच पितळ ओतायची भट्टी लावली होती आणि तिथे लहान लहान वाफेची इंजिनं बनवली होती. त्यातलं एक त्यानं बरोबर आणलं होतं. मॉडस्लेनं ते पाहिलं आणि त्याला स्वतःचा मदतनीस करून घेतलं, आठवड्याला दहा शिलिंगांवर. पुढे वाफेच्या घणाचा शोध लावणारा नॅस्मिथ तो हाच. साडूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती मेहुणीसमोर पुन्हा सांगायला लावली. झोपायच्या खोलीत भट्टी, या शब्दांवर जरा जोर देऊन.

आमची खरेदी दोन महिने चालली. पहिल्यांदा एका दुकानात टेबलावर मावणारा नवा, चकचकीत लेथ पाहिला. घरच्या साध्या विजेवर चालणारा, हलका, देखणा. साडू खूश. पण पोलाद कातताना तो थरथरत होता आणि कातलेल्या भागावर लाटा उठत होत्या. लेथच्या वजनात त्याचं अर्धं शहाणपण असतं. मग कोल्हापूरला जुन्या यंत्रांच्या बाजारात गेलो. हरिहरचा मैसूर किर्लोस्करचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण त्यांचे लेथ अजून तिथे नाव सांगून विकतात. ते मोठे होते आणि त्यांना थ्री फेज लागत होती. पडवीत न बसणारे. एक साडेचार फुटी, बिननावाचा, ओबडधोबड लेथ कोपऱ्यात होता. रंग उडालेला. मला ते बरं वाटलं.

मी आधी चकजवळ नख फिरवलं. अडखळलं नाही. मग कॅरेज चकजवळ नेऊन, त्याचा खेळ निघेपर्यंत पट्ट्या आवळल्या आणि तसाच मागे टेलस्टॉककडे सरकवत नेला. बेड पुढे झिजलेला असेल तर मागच्या न झिजलेल्या भागात कॅरेज आवळून बसतो. हा थोडासा जड झाला, पण अडला नाही. चकात दांडा धरून वर उचलून पाहिला आणि डायल गेज लावून स्पिंडलचा खेळ मोजला. लीड स्क्रूचे आटेही चकजवळच आधी जातात, ते पाहिले. शेवटी एक गज लावून कातायला सांगितला आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजली. दुकानदार वैतागला होता. चेंज गियरच्या संचात चार चाकं नव्हती, ती उद्यमनगरातून करून घ्यावी लागणार होती, तेवढे पैसे कमी करून घेतले. १९८६ साली ही सगळी तपासणी अर्ध्या तासात होऊन गेली असती.

मॉडस्लेला शेवटी आकाशाचं वेड लागलं होतं. चोवीस इंची आरशाची दुर्बीण करायची, नॉरवुडला घराजवळ वेधशाळा बांधायची, असे बेत चालले होते. १८३१ च्या जानेवारीत तो एका आजारी मित्राला भेटायला फ्रान्सला गेला. परत येताना खाडीत सर्दी धरली आणि फेब्रुवारीत, साठी गाठायच्या आत, गेला. दुर्बीण राहिली. वुलिचच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. वर ओतीव लोखंडाचं थडगं उभारलं गेलं, त्याचा आराखडाही त्यानंच करून ठेवला होता. पेढी १९०० च्या सुमारास बुडाली. कारखान्याच्या जागी आता लँबेथ नॉर्थ हे भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. तो पहिला लहानसा लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे.

साडूंचा लेथ फेब्रुवारीत टेम्पोतून आला. काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवताना दोन दिवस गेले, कारण चारही पाय एका पातळीत नसले तर चांगला बेडही पीळ घेतो आणि कात तिरपा येतो. पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवत, स्पिरिट लेव्हल पुढेमागे फिरवत साडू गुडघ्यांवर बसले होते. संध्याकाळी पहिला गज लावला. सहा इंच कातला. दोन टोकांत दोन शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. साडूंनी लेथ पुन्हा थांबवला आणि मागच्या पायाखालचा एक तुकडा काढून पाहिला.

अंगात त्यांच्या इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट होता. तेलाचे डाग पडलेले चालतील असा एकही कपडा त्यांच्या कपाटात नव्हता. मेहुणी काही न बोलता आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून सासऱ्यांचा खाकी सदरा घेऊन आली.